पडद्यामागचा स्पीकर

बू मुर्नी बाजारातून भाजीची टोपली घेऊन घरात शिरल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचं डोकं छतात होतं. बाकीचा नवरा शिडीवर होता. छतातल्या भोकातून पाक सुगोंदोंचा आवाज येत होता, "सोड! अजून सोड!" आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या भोकाखाली, दुकानातून आलेला मास गालिह तोंडात स्क्रू धरून काळी वायर आत सरकवत होता.

"पाक," टोपली खाली ठेवत बू मुर्नी म्हणाल्या, "मी गेले तेव्हा हे छत धड होतं."

"संध्याकाळपर्यंत परत धड होईल, बू."

"आणि मधलं ते तिसरं भोक?"

"ते चुकून पडलं. तिथं वासा निघाला."

बू मुर्नींनी वर पाहिलं, गालिहकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या. सोलो शहरात थोरांना पाक आणि बू, तरण्याला मास म्हणायचं, आणि घरी आलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा आणि मग रागवायचं, अशी पद्धत आहे. चहा पिऊन होईतो राग निवतो, असा जुन्या लोकांचा हिशेब असावा.

पाक सुगोंदो हे फरशांचे व्यापारी. त्यांना सिनेमाचा नाद नव्हता, गाण्याचा तर मुळीच नव्हता. टीव्हीसमोर बसले की बातम्या संपायच्या आत घोरायचे. अशा माणसानं घरात प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर आणि भिंतभर पडदा आणावा, याचं कारण एकच होतं, आणि ते म्हणजे त्यांचे सासरे.

सासरे म्हणजे की कार्सोनो; ‘की’ ही कलावंताला लावायची मानाची पदवी. एके काळचे नावाजलेले दालांग. पांढऱ्या पडद्यामागं, दिव्याखाली मांडी घालून बसायचे, चामड्याच्या बाहुल्या नाचवायचे, आणि राजा, राक्षस, राजकन्या, विदूषक अशा सगळ्यांचे आवाज एकटे काढायचे. पडद्याच्या पुढून लोक सावल्या बघायचे, मागून लोक त्यांना बघायचे. मग म्हातारपणी हात थरथरू लागले. एकदा भर खेळात राजपुत्राची बाहुली हातातून सुटली ती थेट राक्षसाच्या मांडीवर जाऊन पडली. लोक हसले. त्या दिवशी रोमोंनी, घरात सगळे त्यांना रोमो म्हणत, बाहुल्यांची पेटी बंद केली. ज्याच्या हातात बाहुली ठरत नाही त्यानं तोंड उघडू नये, असं म्हणाले, आणि खेळातलं एक वाक्यसुद्धा पुन्हा त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पाक सुगोंदोंची मुलगी लारास हॉलंडमध्ये नोकरीला. तिला तिथल्या एका म्युझियमच्या तळघरात आजोबांच्या ऐन उमेदीतल्या खेळाची फिल्म सापडली. तिनं ती धुऊनपुसून घेतली, डिस्कवर उतरवली आणि पाठवून दिली. फोनवर म्हणाली, "बापाक, चामड्यातलं भोक न् भोक दिसतंय. फक्त आपल्या त्या जुन्या टीव्हीवर लावू नका हं."

पाक सुगोंदोंनी अर्थातच आधी जुन्या टीव्हीवर लावून पाहिली. राक्षस अंगठ्याएवढा दिसला आणि राजकन्या कावीळ झाल्यासारखी वाटली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की रोमोंचा ऐंशीवा वाढदिवस आपल्या घरी करायचा आणि रोमोंना त्यांचा खेळ खऱ्या पडद्याएवढा मोठा करून दाखवायचा.

आणखीही एक गोष्ट होती, ती ते कुणाला सांगत नसत. रोमोंनी मुलीसाठी खेळात साथीचं गामेलान वाजवणारा मुलगा बघून ठेवला होता आणि मुलीनं फरशीवाला आणला. तेव्हापासून जावयानं काहीही केलं तरी सासरे "हं" म्हणत. दुकान टाकलं, "हं." घर बांधलं, "हं." नात झाली तेव्हा दोनदा "हं, हं" म्हणाले, पण ते नातीसाठी होतं. या माणसाच्या तोंडून एक शब्द, एकच धड शब्द ऐकायचा, एवढीच पाक सुगोंदोंची इच्छा होती. ज्याला सासरे आहेत त्याला ती कळेल.

दुकानात त्यांना गालिह भेटला. चांगल्या घरचा, गोड बोलणारा पोरगा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर "नाही" म्हणणं त्याच्या संस्कारात नव्हतं. फारच अडचण झाली तर तो "अजून नाही" म्हणायचा.

"या प्रोजेक्टरला आवाज असतो ना, मास?"

"अजून नाही, पाक."

"म्हणजे येईल?"

"येईल की! ॲम्प्लिफायर घेतलात की झालं."

"मग ॲम्प्लिफायरमधून आवाज येईल."

"अजून नाही. स्पीकर लागतील. ते पडद्याच्या मागं ठेवायचे. पडद्यावरचा माणूस जिथून बोलतो, आवाज तिथूनच आला पाहिजे. त्यासाठी बारीक बारीक छिद्रांचा पडदा येतो."

"घरची पांढरी चादर नाही चालणार?"

गालिहनं चादरीचा मनापासून विचार केला. "चादरीला छिद्रं नसतात ना, पाक. म्हणजे, अजून नाही."

अशा रीतीनं एका डिस्कपायी एकेक वस्तू घरी येत गेली. प्रोजेक्टर आला, त्याला टांगायचा लोखंडी हात आला. ॲम्प्लिफायर आला, त्याच्या पाठीवर इतकी भोकं होती की बू मुर्नींना भाताची चाळणी आठवली. चेरीच्या लाकडाचे दोन स्पीकर आले, त्यांना घाम लागू नये म्हणून सोबत मऊ फडकं आलं. आणि शेवटी आली ती वायर. प्रोजेक्टर एका टोकाला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, मधे एवढा मोठा हॉल. एवढ्या लांबवर चित्र साध्या वायरीतून जाताना धापा टाकतं म्हणे, त्याला उजेडावर चालणारी वायर लागते. तिची किंमत ऐकून पाक सुगोंदो खुर्चीत बसले. जुनी का होईना, एक मोटरसायकल आली असती त्यात. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसली ही तऱ्हा.

त्या वायरीसाठी त्यांनी आपला पेरकुतुत विकला. अंगणातल्या उंच खांबावरच्या पिंजऱ्यात हा गाणारा कवडा असायचा. त्यानं स्पर्धेत बक्षिसं मारली होती आणि पहाटे सगळ्या गल्लीला उठवलं होतं. बू मुर्नी त्याच्या नावानं रोज बोटं मोडायच्या. पिंजरा रिकामा दिसला तेव्हा मात्र त्या बराच वेळ अंगणात उभ्या राहिल्या.

"गाणारा विकून मुकी वायर आणलीत," त्या म्हणाल्या.

"ती मुकी नाही, बू. ती रोमोंना आणणार आहे."

वडील बू मुर्नींचे होते. दुसऱ्या दिवशी छतातली भोकं पाहून, चहा देऊन झाल्यावर शिडी धरायला त्या स्वतः उभ्या राहिल्या.

वायर छतातून गेली, भोकं बुजली, रंग लागला. गालिहनं बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच राहिला. गालिहनं सगळे खटके दाबले, मग वायरीचं टोक डोळ्याजवळ नेलं आणि त्याचा चेहरा पडला. टोकावर नखाएवढा बाण कोरलेला होता.

"पाक, या वायरीला तोंड आणि शेपूट असतं. चित्र एकाच बाजूनं चालतं."

"मग?"

"आपण उलटी घातलीय."

"वायर आहे का साप आहे?" बू मुर्नी स्वयंपाकघरातून ओरडल्या. "तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते आधी बघायचं नाही?"

दुसरा कुणी असता तर इथं त्यानं कपाळावर हात मारला असता, दुकानदाराशी भांडला असता, नाहीतर जुना टीव्ही पुसून वाढदिवस साजरा केला असता. पाक सुगोंदोंनी परसातून शिडी आणली आणि नवा रंग दिलेल्या छतात स्वतःच्या हातानं पटाशी घातली. चिकाटी म्हणावी तर अशी. मी तरी असा माणूस दुसरा पाहिला नाही.

सरळ वायरीतून चित्र आलं. मग ॲम्प्लिफायर लावला, तेवढ्यात मागच्या अंगणात पाण्याचा पंप सुरू झाला आणि खट् आवाज होऊन सगळं घर अंधारलं. घराला वीज बेताची. पंप चालला तर इस्त्री बंद ठेवायची, हे घरात सगळ्यांना पाठ. त्यात हा ॲम्प्लिफायर म्हणजे सगळ्यांचा बाप. विजेचा भार वाढवून मिळायला वाढदिवस उलटून गेला असता.

तेव्हा बू मुर्नींनी सूत्रं हातात घेतली. खेळाच्या वेळी पंप बंद, पंखे बंद, भाताचा कुकर बंद. भात शेजारच्या बू तार्मींच्या घरी शिजेल, आइस्क्रीम त्यांच्याच फ्रीजमध्ये राहील. सगळं ठरलं, सगळ्यांना बजावून झालं.

वाढदिवसाला संध्याकाळची नमाज आटोपून माणसं येऊ लागली. नवे बाटिकचे शर्ट, केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेंपर, दाट गोड चहा. आणि इथं ती गोष्ट घडली जी गालिहच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. स्पीकर मागं ठेवायचे म्हणून पडदा भिंतीपासून सुटा, हॉलच्या ऐन मध्यावर टांगला होता. हॉलच्या मधोमध पांढरा पडदा दिसल्यावर सोलोची माणसं काय करणार? निम्मी पुढं बसली, निम्मी मागं. बाहुल्यांच्या खेळात ज्याला सावल्या बघायच्या तो पुढं बसतो आणि ज्याला दालांग बघायचा तो मागं, हे सांगावं का लागतं कुणाला?

"मागं नका बसू!" गालिह काकुळतीला आला. "मागून चित्र उलटं दिसतं! आजोबा, तो स्पीकर आहे, टेकू नका! बुलिक, त्याच्यावर बशी... अहो बुलिक!"

"केवढं छान स्टूल आहे," त्या बुलिक, म्हणजे सितोरेस्मी मावशी, म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी बशीही स्पीकरवर ठेवली.

मग रोमो आले. सगळे अदबीनं वाकले. पाक सुगोंदोंनी पुढच्या बाजूला, अगदी मधोमध, नवी आरामखुर्ची मांडून ठेवली होती. रोमोंनी खुर्चीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हळूहळू चालत पडद्याला वळसा घालून मागं गेले. चटईवर, बरोब्बर मधे, मांडी घालून बसले.

"रोमो," पाक सुगोंदो धावत गेले, "तुमची जागा पुढं केलीय."

"माझी जागा मला ठाऊक आहे, गोंदो."

ज्या एका माणसाला दाखवायचं म्हणून छत दोनदा फोडलं, तो पडद्याच्या पाठीकडे तोंड करून बसला होता. पाक सुगोंदोंनी निदान मान म्हणून ॲम्प्लिफायरचा रिमोट त्यांच्या हातात दिला. महागाची वस्तू, अस्सल धातूची, हातोडीसारखी जड.

"हे बटण दाबा रोमो, म्हणजे सुरू होईल."

रोमोंनी बटण दाबलं. पडदा उजळला. गामेलानचा मोठा गाँग असा दणाणला की लेंपरच्या बश्या उडाल्या आणि मागं टेकून बसलेले एक काका उठून उभे राहिले. आणि त्याच क्षणाला आत सितोरेस्मी मावशींनी किटलीचं बटण दाबलं. त्यांचा काही दोष नव्हता. पाहुण्यांचा चहा गार झाला होता, आणि गार चहा पाजणं म्हणजे घराण्याला बट्टा.

खट्.

अंधारात सगळे कौतुकानं "आ..." म्हणाले. त्यांना वाटलं खेळ असाच असतो.

किटली काढली, वीज परत आली, पण ॲम्प्लिफायर काही उठला नाही. त्याच्या तोंडावर एक लाल दिवा मिचमिचत राहिला. झटका बसला की तो स्वतःला आतून कडी लावून घेतो म्हणे. गालिह घामाघूम झाला. शेवटी त्यानं ॲम्प्लिफायरला वगळून मोठ्या वायरीचं टोक सरळ डिस्कच्या यंत्राला जोडलं.

"चित्र येईल, पाक," तो कुजबुजला. "आवाज..." पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

चित्र आलं. आणि काय चित्र होतं! सावल्या माणसाएवढ्या, चामड्यातली नक्षी केसासारखी बारीक, राजाच्या मुकुटातलं एकेक छिद्र चांदणीसारखं लखलखणारं. पुढच्या लोकांनी श्वास रोखला. पण राजा हात हलवत होता आणि बोलत नव्हता. राक्षस आला, गदागदा हलला, तोही गप्प. हॉलमध्ये फक्त लेंपर चावल्याचा आवाज येत होता. कुणी काही बोललं नाही. यजमानाचा पचका झाला तर आपलं लक्षच नाही असं दाखवणारी माणसं ती. प्रत्येक जण आपापल्या लेंपरकडे बघू लागला, आणि ते पाक सुगोंदोंना हसण्यापेक्षा जास्त लागलं. ते प्रोजेक्टरखाली उभे होते. आता पक्षी नव्हता, आवाज नव्हता, आणि रोमोंचा खेळही नव्हता.

पडद्याच्या मागं चित्र झिरपलं होतं, जरा फिकट, पण स्पष्ट. समोरून घेतलेली फिल्म मागून उलटी दिसत होती, म्हणजे दालांगच्या बाजूनं जशी दिसायला हवी तशीच. राजा रोमोंच्या उजव्या हाताला, राक्षस डाव्या. रोमो टक लावून बघत होते. राजानं हात उचलला, तेव्हा त्यांचाही हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

"वेशीवर धूळ कसली उडतेय, प्रधानजी?" कुणीतरी बोललं.

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, राजाचा होता. पुढचे लोक दचकले, मागच्यांनी माना वळवल्या. रोमोंचे ओठ हलत होते. लगेच राक्षस बोलला, खर्जात, पोटातून, आणि रोमोंनी हातातला जड रिमोट उचलून शेजारच्या पेटीवर ठोका दिला. दालांग बाहुल्यांच्या लाकडी पेटीवर देतो तसा, ठक्! पेटी म्हणजे चेरीच्या लाकडाचा स्पीकर होता.

गालिहनं डोळे मिटून घेतले. "पाक, पॉलिश..." तो कळवळला.

"गप्प बस," पाक सुगोंदो म्हणाले. उभ्या आयुष्यात ते गिऱ्हाइकालाही असं बोलले नव्हते.

ठक्, ठक्‌ठक्! हात थरथरत होता, पण ठोका चुकत नव्हता. घोडे दौडले, तलवारी भिडल्या, राजकन्या रुसली. बाहुल्या पडद्यानं धरल्या होत्या, रोमोंना फक्त बोलायचं होतं. बू मुर्नी दाराला धरून उभ्या होत्या आणि खांद्यावरच्या शेल्यानं डोळे पुसत होत्या. मग पडद्यावर दोन विदूषक आले. या वेळी दालांगनं मनाला येईल ते बोलायचं असतं, आणि गावात कुणाची फिरकी घ्यायची ती तिथंच घ्यायची असते.

"काय रे, राजवाड्यातले दिवे का गेले मघाशी?" जाडा विदूषक म्हणाला.

"मावशीला चहाची तलफ आली," बारका म्हणाला. हॉल खदखदला. मावशी तोंड झाकून हसल्या.

"आणि छताला भोकं कसली?"

"ते राजाच्या जावयाचं काम. आधी आत काय आहे बघितलं, मग विसरला म्हणून परत बघितलं."

हशा छतापर्यंत गेला. पाक सुगोंदोही हसले, काय करतात!

"कसा आहे रे हा जावई?"

पडद्यावर बारका विदूषक जरा थांबला. रोमोही थांबले.

"गाता येत नाही," बारका सावकाश म्हणाला. "वाजवता येत नाही. बारा महिने फरश्या विकतो. पण दिवा बघ कसा धरलाय त्यानं. तसूभर हलत नाही. माझ्या म्हाताऱ्या मालकाला उभ्या जन्मात असा दिवा कुणी धरून दिला नव्हता."

ठक्.

पाक सुगोंदो वळले आणि प्रोजेक्टरची वायर तपासू लागले. तिला काहीही झालेलं नव्हतं. ते बराच वेळ तपासत राहिले.

खेळ संपल्यावर त्यांनी रोमोंना गरम चहा नेऊन दिला. "कसं वाटलं, रोमो?"

"हं," रोमो म्हणाले. पाक सुगोंदोंना तेवढं पुरलं.

रोमो मुक्कामाला राहिले. सकाळी गालिह नवा ॲम्प्लिफायर घेऊन धापा टाकत हजर झाला. दुकानानं बदलून दिला होता. चित्राची वायर कालचीच ठेवून त्यानं फक्त आवाज जोडला, खिडक्यांचे पडदे ओढले आणि अभिमानानं बटण दाबलं. गाँग घुमला. हॉलभर गामेलान उसळलं, आणि पडद्यामागून चाळीस वर्षांपूर्वीचे की कार्सोनो खणखणीत बोलू लागले. गालिहच्या डोळ्यांत पाणी आलं.

रोमो बाहेरून आले. कमरेला शेला बांधलेला, हातात तो रिमोट. पडद्यामागं आपल्या चटईवर बसले आणि थोडा वेळ मान कलती करून ऐकलं.

"बरा आहे," ते म्हणाले. "जरा घाई करतो. गोंदो, याला गप्प बसव बघू. मला बोलायचंय."

गालिह रिमोट शोधू लागला. तो रोमोंच्या हातात होता, आणि मागायची कुणाची छाती! मग तो ॲम्प्लिफायरच्या पुढच्या खटक्यांवर वाकला आणि यातला नेमका कोणता, ते मनाशी पुटपुटू लागला.

पाक सुगोंदो भिंतीपाशी गेले, खाली वाकले आणि ॲम्प्लिफायरची पिन ओढून काढली. आवाज गेला, चित्र राहिलं. त्या सगळ्या यंत्रांवर त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय केलेलं हे एकच काम, आणि ते पहिल्या फटक्यात जमलं.